परिवहन-नियोजन व समाजकार्य (इंदूर)

शहरातील प्रवासाची सोय सर्व थरांपर्यंत पोचावी म्हणून परिवहन-नियोजक आणि समाजकार्यकर्ते यांनी मिळून केलेली पाहणी, आखणी व पाठपुरावा. सोय म्हणजे नुसती बस धावणे नव्हे. थांब्यापर्यंत पायी जाता येणे, तिकीट परवडणे, गाडीत चढता येणे आणि अंधार पडल्यावर निर्धास्त परतता येणे, हे सारे तीत येते.

या सहयोगाच्या उगमाविषयी एकमत नाही. एक पक्ष शिकागोच्या हल हाउस (स्थापना १८८९) या सेवाकेंद्राने १८९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या घरोघरच्या नकाशांपासून आरंभ धरतो. मात्र त्या नकाशांत रहिवाशांचे मूळ देश व मजुरी नोंदलेली आहे, प्रवास नाही. दुसरा पक्ष स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांना मान देतो. होळकर दरबारासाठी त्यांनी केलेला इंदूरच्या नगररचनेचा द्विखंडी अहवाल १९१८ चा. त्याच सुमारास, बहुधा १९१७ च्या दिवाळीत, प्लेगविरोधी मिरवणूक निघाली. ज्या गल्ल्या स्वच्छ होतील त्यांतूनच ती जाईल असे गेडीस यांनी जाहीर केले, आणि मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची भव्य प्रतिकृती होती, असे चरित्रकार सांगतात. मार्ग-आखणीतून लोकशिक्षण साधण्याचा हा नमुना लक्षणीय खरा. पण मार्ग अखेर दरबाराच्या अधिकारानेच ठरला, त्यामुळे त्याला सहयोग म्हणणे ताणलेले वाटते. परिवहनापुरते पाहता ब्रिटनमधील शासकीय सामाजिक-वंचितता विभागाचा २००३ चा अहवाल अधिक भक्कम आधार देतो. नोकरी, दवाखाना व शाळा यांपासून माणसे तुटण्यात वाहतुकीचा वाटा किती, याची मांडणी त्यात आहे. भारताच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणानेही वाहनांऐवजी माणसांची ने-आण हा निकष धरला.

नियोजक व समाजकार्यकर्ते यांच्यातील मतभेदाचे मूळ मोजणीत आहे. प्रवासाची मागणी मोजण्याच्या रूढ चार-टप्पी पद्धतीत फेऱ्यांची निर्मिती, त्यांची विभागणी, साधनाची निवड आणि मार्गांवरील वाटप असा क्रम असतो. ती सुरू होते प्रत्यक्ष झालेल्या फेऱ्यांपासून. भाडे परवडले नाही म्हणून टळलेली फेरी तिच्या हिशेबात येतच नाही. धुणीभांडी करणारी बाई सकाळी तीन घरे करून, वाटेत रेशन घेऊन, मुलाला शाळेतून आणते. यातील बरेचसे पायी चालणे पाहणीत गळते, आणि घरातल्या कर्त्या पुरुषाला विचारले तर उत्तर त्याच्या कामाच्या वाटेचे मिळते. २०११ च्या जनगणनेतही प्रवासाचा प्रश्न कामाच्या ठिकाणी जाण्यापुरताच होता. ही पोकळी भरून काढणे हेच समाजकार्यकर्त्याचे मुख्य काम. उरलेले बहुधा बैठकांचे सोपस्कार.

इंदुरात दोन्ही शाखांची परंपरा जुनी आहे. समाजकार्याचे महाविद्यालय १९५१ पासूनचे, आणि शहराचे प्रमुख बसस्थानक ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते तात्या सरवटे संविधान सभेचे सदस्य आणि समाजसेवक होते. १९८९ च्या सुमारास सुरू झालेल्या, अभियंता हिमांशु पारीख यांच्या झोपडवस्ती-जाळे प्रकल्पाने वस्त्यांतील रस्ते व सांडपाण्याच्या वाहिन्या शहराच्या जाळ्याशी जोडल्या. त्यास १९९८ मध्ये वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. नंतरच्या टीकाकारांनी घरोघरच्या जोडण्या अपुऱ्या राहिल्याचे निदर्शनास आणले. सार्वजनिक-खासगी भागीदारीतील सिटी बस २००६ मध्ये आली. भाडे, पास व जाहिरात यांच्या उत्पन्नावर ती उभी राहिल्याने कमी गर्दीचे, कडेच्या वस्त्यांचे मार्ग तोट्याचे ठरणे ओघानेच आले. अशा वस्त्यांचा भार पूर्वीपासून नगरसेवा मिनीबस, टेम्पो व मॅजिक (छोट्या प्रवासी) गाड्यांवर राहिला. आग्रा-मुंबई रस्त्यावरील सुमारे ११.५ किमी. लांबीचा, बससाठी राखीव मार्गिकेचा पट्टा २०१३ मध्ये खुला झाला. २०२५ च्या फेब्रुवारीत मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने तो काढण्यास मुभा दिली. त्या वादात मोटारींची कोंडी पुष्कळ चर्चिली गेली. बसने जाणाऱ्यांची बाजू त्या मानाने क्षीण राहिली. त्याच वर्षी ३१ मे रोजी मेट्रोचा पहिला, पाच स्थानकांचा टप्पा सुरू झाला. तो शहराच्या उत्तर-पश्चिम कडेला आहे.