मोटारीचा जीव, पी.जे.ची चाल

पूर्वी पाचोऱ्याहून जामनेरला जायची ती पी.जे. नावाची छोटी रेल्वे ज्यांनी पाहिलीय, त्यांना तिची चाल सांगायला नको. दोन रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर. भाच्याने अंगणात तिचं मॉडेल मांडलं ते ४५ मिलिमीटरच्या रुळावर, म्हणजे सुमारे सतरापट लहान.

मॉडेल रेल्वेत वीज सहसा रुळांतूनच घेतात. पण जळगावची मे महिन्यातली धूळ रुळावर बसली, की चाकाला वीज मिळते-न मिळते आणि इंजिन गचके खातं. म्हणून रुळांतली वीजच बंद केली. डब्यात ७.४ व्होल्टची लिथियम बॅटरी ठेवली आणि बाकीचं सामान एका मोडक्या रेडिओ कंट्रोल मोटारीतून, म्हणजे रिमोटवर पळणाऱ्या छोट्या गाडीतून काढलं. जत्रेतली खेळणी इथे कामाची नाहीत, त्यांच्यात सगळं एकाच सर्किटच्या पट्टीवर असतं. रिमोटचा इशारा पकडणारा रिसीव्हर वेगळा आणि वेग सांभाळणारा ईएससी वेगळा, अशी मोटार हवी.

रिसीव्हर ईएससीला सेकंदाला विजेचे साधारण ५० स्पंद पाठवतो. स्पंद दीड मिलिसेकंदाचा असला तर थांब, दोनचा असला तर पूर्ण पुढे, एकचा असला तर पूर्ण मागे. वेग कमी करायला ईएससी बॅटरीचे व्होल्ट उतरवत नाही, तो इंजिनातल्या मोटरची वीज भराभर चालू-बंद करतो. चालू काळ जितका जास्त, तितका वेग जास्त. स्वस्तातला ईएससी हे सेकंदाला हजारेक वेळाच करतो, म्हणून मंद चालीत मोटर शिट्टी वाजवते.

पहिल्याच शंटिंगला, म्हणजे डबे जोडायला गाडी पुढे-मागे करताना, ती अडली. रिमोटचा ट्रिगर मागे ढकलला, इंजिन ढिम्म. ‘मामा, वायर तुटली वाटतं,’ म्हणून अर्धा तास सोल्डर तपासण्यात गेला. वायर शाबूत होती! मोटारीचा ईएससी मागे ढकलणं म्हणजे ब्रेक समजतो. ट्रिगर मध्यावर आणून पुन्हा ढकलला, तरच रिव्हर्स. धावत्या मोटारीला ते शहाणपणाचं, शंटिंगला निव्वळ छळ. बऱ्याच ईएससींवर दोन पिना जोडणारी इवलीशी जंपरची टोपी असते. ती हलवली, की थेट पुढे-मागे.

वेगाचंही तसंच. खरी गाडी ताशी ३० किलोमीटरने जात असेल, तर सतरापट लहान मॉडेलने सेकंदाला अर्धा मीटर जावं. रेडिओ कंट्रोल मोटार मात्र खरोखरच ताशी ३० गाठते, म्हणजे सेकंदाला आठ मीटरच्या वर. म्हणून रिमोटवरची थ्रॉटलची, म्हणजे वेगाची मर्यादा खाली आणली आणि ट्रिगरची स्प्रिंग काढली. स्प्रिंग होती तेव्हा बोट सुटताच इंजिन जागीच थांबायचं आणि मागचे डबे त्यावर आदळायचे.

शेवटची खोड अँटेनाची. २.४ गिगाहर्ट्झच्या तारेचं उघडं टोक जेमतेम तीन सेंटिमीटर असतं, आणि आमच्या इंजिनाचं कवच पत्र्याचं. पत्र्याआड सिग्नल दबतो. टपाला बारीक भोक पाडून ते टोक हॉर्नशेजारी उभं केलं. मोटरची शिट्टी अजून वाजतेच. भाचा पाहुण्यांना सांगतो, तो हॉर्न आहे.