जानेवारीतली फळी, जुलैतली फळी

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्री अकराच्या सुमारास, आतल्या खोलीतून 'टक्' असा आवाज आला. उंदीर असेल म्हणून आईने कूस बदलली. सकाळी पाहतो तर पलंगाच्या पायथ्याशी जमिनीला उंटासारखी पाठ आलेली. दोन फळ्या एकमेकींना रेटत वर उठल्या होत्या आणि त्यांच्याखालच्या रिपेचा स्क्रू स्लॅबमधून उपटून आला होता.

ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घरात मोझॅक टाइल काढून या सागवानी फळ्या मी स्वतःच बसवल्या होत्या, जानेवारीत आठवडाभर रजा काढून. सांधे असे घट्ट की पोस्टकार्डसुद्धा शिरू नये, आणि मला त्याचाच अभिमान. दुरुस्तीला आलेल्या सुताराने नुसती नजर टाकली. "साहेब, पावसात बाथरूमचं दार फुगतं ना? तुम्ही तर खोलीभर दारंच आडवी टाकलीत."

झाड तोडलं तरी लाकडाचं हवेशी देणंघेणं थांबत नाही. लाकडाच्या पेशींच्या भिंती सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म तंतूंच्या असतात आणि हे तंतू बहुतेक खोडाच्या लांबीत धावतात. हवा दमट झाली की पाण्याचे रेणू या तंतूंच्या मधल्या फटींत शिरून बसतात. गवताची पेंढी डोळ्यांसमोर आणा. काड्यांच्या मध्ये काही कोंबलं तर पेंढी जाड होईल, लांब होणार नाही. फळीचंही तसंच होतं. लांबीत ती जवळपास हलत नाही, रुंदीत मात्र फुगते. पेशीभिंती पाण्याने पुरत्या भरेपर्यंत, म्हणजे लाकडातली ओल त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांवर जाईपर्यंत, हे फुगणं चालू राहतं. त्यापुढचं पाणी पेशींच्या पोकळीत साठतं, त्याने आकार बदलत नाही.

इथे ठाण्याच्या हवेचा प्रश्न येतो. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला येऊरचे डोंगर, आणि मध्ये चार महिने आपण. पावसाळ्यात हवेतली सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास रेंगाळते, तर जानेवारीच्या दुपारी ती ५० च्या खालीही उतरते. घरातलं लाकूड या हवेशी हळूहळू जुळवून घेतं. कोरड्या दिवसांत त्यातली ओल ९ टक्क्यांच्या जवळ असते, भर पावसात १५ किंवा थोडी वर.

आता हिशेब. बहुतेक फळ्या ज्या पद्धतीने चिरतात, त्या पद्धतीत सागवानाची फळी ओलीच्या दर एका टक्क्यामागे रुंदीत सुमारे ०.१९ टक्के वाढते. आकडा किरकोळ वाटतो. पण माझी खोली ३ मीटर रुंद. ९ वरून १५, म्हणजे सहा टक्क्यांचा फरक, म्हणजे मोकळ्या फळ्यांना मिळून सव्वातीन सेंटिमीटरहून जास्त जागा हवी. वार्निशमुळे ओल शिरायला वेळ लागतो, सगळ्या फळ्या सारख्या चिरलेल्या नसतात, त्यामुळे प्रत्यक्षात वाढ यापेक्षा कमी. मी भिंतीकडे ६ मिलिमीटर सोडले होते आणि उंबऱ्याला तर फळी अगदी टेकवली होती, दिसायला छान दिसतं म्हणून.

हेच काम नोव्हेंबरमध्ये, लाकडातली ओल १२ टक्क्यांच्या आसपास असताना केलं असतं, तर फळ्यांना वर्षभरात दोन्हीकडे तीन-तीन टक्केच सरकायचं होतं. तीन टक्क्यांचे होतात साधारण १७ मिलिमीटर, दोन्ही भिंतींत वाटले तर साडेआठ-साडेआठ. स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावतात त्या पट्टीखाली, सहज लपणारी १०-१२ मिलिमीटरची फट तेवढ्यासाठी पुरते. तेच लाकूड, तोच सुतार, फक्त महिना वेगळा. याउलट पावसाळ्यात ठासून बसवलेली जमीन हिवाळ्यात आक्रसते आणि फटींत बडीशेप अडकायला लागते.

वखारीत फळी घेताना तिचं टोक बघावं, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. टोकावर वार्षिक वलयांच्या रेषा दिसतात. त्या आडव्या, कमानीसारख्या पसरलेल्या असतील तर फळी जास्त फुगणारी. रेषा फळीच्या जाडीत उभ्या असतील तर फुगणं जवळपास निम्म्यावर येतं, कारण खोडाच्या गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या किरणपेशी त्या दिशेने लाकडाला आवळून धरतात. अशी फळी महाग पडते, कारण खोडातून ती कमी निघते. (हार्डवुड या नावाचा कठीणपणाशी थेट संबंध नाही, हेही तिथेच कळलं. तो वनस्पतिशास्त्रातला गट आहे. खेळण्यातली विमानं करतात ते हलकंफुलकं बाल्साही हार्डवुडच.)

ओल मोजायला दोन टोकांचा मॉइश्चर मीटर मिळतो. तो लाकडाचा विद्युतरोध मोजतो. पण मला आकडा स्वतः काढायचा होता. फळीचा तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, भरला ६३ ग्रॅम. मग ओटीजीत, म्हणजे घरातल्या छोट्या ओव्हनमध्ये, १०३ अंश सेल्सिअसच्या जवळपास ठेवून, वजन उतरायचं थांबेपर्यंत सुकवला. राहिले ५६. गेलेलं पाणी ७ ग्रॅम, भागिले ५६, म्हणजे साडेबारा टक्के. आई दारात उभी राहून म्हणाली, "अरे, त्यात परवा केक करायचाय."

खालून येणारी ओल आणखी लबाड. टाइल काढल्यावर स्लॅब सपाट करायला सिमेंटचा नवा थर घालतात. तो वरून वाळलेला दिसतो, आत मात्र आठवडे ओला असतो. दर २५ मिलिमीटर जाडीला महिनाभर, असा ठोकताळा आहे आणि पावसाळ्यात त्याहून जास्त. दीड फुटी प्लास्टिकचा चौकोन चारही कडांनी चिकटपट्टीने पक्का बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले किंवा सिमेंट काळवंडलं तर थांबा. अशा जमिनीवर फळी खालून फुगते, वरून नाही, आणि तिच्या कडा पन्हाळीसारख्या उचलल्या जातात. इथे बरेच जण पॉलिशवाल्याला बोलावून त्या कडा घासून सपाट करतात. ते अजिबात करू नये. पुढे खालची ओल गेली की फळी मूळ आकारात येते, पण कडा तर घासल्या गेल्यात. मग मधला भाग कायमचा टेकडीसारखा वर राहतो.

टाइल फोडण्याबद्दल एवढंच: मोझॅक आणि त्याखालच्या रेती-सिमेंटची धूळ म्हणजे सिलिका आणि ती फुप्फुसांत कायमची घर करते. पाणी शिंपडत फोडा, एन-९५ मास्क लावा. डेब्रिजच्या गोण्या किती होतील याचा माझा अंदाज निम्म्याने चुकला आणि लिफ्टवरून सोसायटीत जे झालं ते इथे नको.

शेवटी सगळ्या फळ्या काढल्या, दोन महिने पलंगाखाली आणि कपाटावर रचून ठेवल्या आणि नोव्हेंबरच्या अखेरीस पुन्हा बसवल्या. उंबऱ्याशी आता पितळी पट्टी आहे आणि तिच्याखाली फट. गेल्या ऑगस्टमध्ये स्कर्टिंगचा एक तुकडा काढून पाहिलं, भिंत आणि फळी यांच्यामध्ये दोन रुपयांचं नाणं उभं शिरत होतं.

थंडीत त्या लाकडावर अनवाणी चालायला सुख वाटतं. खरं तर फळी आणि टाइल एकाच तापमानाला असतात, पण लाकूड तळपायातली उष्णता टाइलपेक्षा कित्येक पट हळू खेचतं, म्हणून ऊबदार भासतं. मे महिन्यात हेच गणित उलटतं. तेव्हा आई उशी उचलते आणि हॉलमध्ये, उरलेल्या मोझॅकवर, चटईसुद्धा न टाकता आडवी होते.