एमसीबी पडली नाही, तरीही

मुंबईत हीटर लागतो कुठे, असं कोणी विचारलं तर त्याला दोष देता येणार नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत पारा 7.4 अंशांपर्यंत उतरला होता, त्याला बरीच वर्षं झाली. ती तारीख 22 जानेवारी 1962. पण घरात तान्हं बाळ किंवा दम्याचे आजोबा असले की जानेवारीतल्या चार रात्रींसाठी माळ्यावरचा हीटर खाली येतो. खरी अडचण इथेच आहे. हीटरची सवय नसलेल्या या शहरात बेडरूममधला एकमेव 16 अँपियरचा पॉवर पॉइंट असतो छताजवळ, एसीसाठी. मग हीटरला कन्व्हर्टर प्लग लावून तो पलंगाशेजारच्या एक्स्टेन्शन बोर्डात खुपसला जातो. त्याच बोर्डावर दोन मोबाइल, वायफायचा राउटर आणि डासांचं मशीन आधीच बसलेलं असतं.

अशा बोर्डावर हीटर चालवणं धोक्याचं का, याचा हिशेब सोपा आहे. आपल्याकडे वीज 230 व्होल्टची. 2000 वॅटचा हीटर सुमारे 8.7 अँपियर खेचतो. छोटा सॉकेट 6 अँपियरचा, म्हणजे जेमतेम 1380 वॅटचा. चार्जर आणि राउटर यांचा भार किरकोळ, ते बिचारे निर्दोष. एकटा हीटरच मर्यादा ओलांडतो. कन्व्हर्टरमुळे जाड पिना छोट्या सॉकेटात बसतात, सॉकेटची ताकद मात्र तीच राहते.

तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे जेम्स जूलने 1841 मध्ये मांडलं. प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. तरीही सगळ्यात आधी जळते ती बहुधा तार नव्हे, जोड जळतो. सॉकेटच्या आत पितळेच्या पात्या पिनेला चिमटीत धरतात. वापराने त्या सैल होतात, आपल्या खाऱ्या दमट हवेत त्यांच्यावर गंज चढतो, आणि पिनेचा स्पर्श दोन-तीन बारीक ठिपक्यांपुरता उरतो. समजा तिथे अर्धा ओहम रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, तयार झाला. हीटर चालू असताना त्या ठिपक्यांवर सुमारे 36 वॅट उष्णता साठते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची सोल्डरिंगची कांडी 25 वॅटची असते आणि ती धातू वितळवते. पाती तापली की तिचा ताण आणखी सुटतो, रोध वाढतो, पाती अजून तापते.

इस्त्री तापली की थर्मोस्टॅट तिला मधूनमधून बंद करतो, किटली चार-पाच मिनिटांत उरकते. रात्रभर लावलेला हीटर सॉकेटला निवायला वेळच देत नाही.

‘काही झालं तर एमसीबी पडेल की!’ हे वाक्य मला सगळ्यात धोकादायक वाटतं. एमसीबी म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप वीज तोडणारा स्विच. ती प्रवाह मोजते, सॉकेटचं तापमान नाही. सैल जोडामुळे प्रवाह वाढत नाही, उलट किंचित कमी होतो, त्यामुळे सॉकेट काळाठिक्कर पडेपर्यंत एमसीबीला त्याचा पत्ता नसतो. शिवाय 16 अँपियरच्या एमसीबीतून 18 अँपियर तासभर गेले तरी ती पडू नये, असं मानकच सांगतं. ती जपते भिंतीतल्या जाड तारेला. तुमच्या बोर्डाची बारीक वायर तिच्या हिशेबातच नाही. आरसीसीबीचं काम तर वेगळंच, गळणारा प्रवाह पकडून माणसाला शॉकपासून वाचवायचं. जुन्या चाळींत अजून फ्यूज आहेत, आणि सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार घालणारे वीरही आहेत. त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

सॉकेट मात्र आधी इशारे देतो. भोकांभोवती तपकिरी डाग, हीटर लावल्यावर चुरचुर आवाज, आणि घरात बोंबील नसताना येणारा मासळीसारखा वास. काही प्लास्टिकं तापली की तसाच वास सोडतात.

हीटर लावायचाच तर भिंतीतल्या 16 अँपियरच्या सॉकेटात थेट लावा, मध्ये कन्व्हर्टर किंवा बोर्ड नको. तसा पॉइंट खाली नसेल तर वायरमनकडून 2.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेची वेगळी लाइन ओढून घ्या. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने स्विच बंद करून प्लग काढा आणि पिनांना हात लावून पाहा. कोमट असतील तर ठीक. चटका बसला तर सॉकेट बदला, आणि त्याच्यासोबत प्लगही, कारण जळून खरखरीत झालेली जुनी पिन नव्या सॉकेटच्या पात्याही खराब करते.