फ्रेंचचा ‘पासे’ आणि उद्याचा स्वयंपाक

परवा भाचीने एक रील पाठवलं. बारावीला स्कोअरिंग म्हणून फ्रेंच घेतलंय तिने, त्यामुळे असली रील्स तिच्या फोनवर रतीब घातल्यासारखी येत असतात. तीस सेकंदात एक हसरा माणूस सांगतो की सब्जंक्टिव्ह (फ्रेंच क्रियापदाच्या रूपांचा एक प्रकार) म्हणजे शंका, पास्ट सब्जंक्टिव्ह म्हणजे भूतकाळाबद्दलची शंका, बास, झालं, सेव्ह करून ठेवा. खाली भाचीचा मेसेज, "मावशी, हे खरं असेल तर माझ्या पुस्तकातल्या वाक्यात ‘उद्या’ कसा काय आलाय?"

पोरगी हुशार आहे. वाक्य असं होतं (उच्चार देवनागरीत जमेल तसे लिहितेय, फ्रेंचच्या शिक्षकांनी माफ करावं): "इल फो क वू झेये फिनी आवां द्में मिदी." म्हणजे उद्या दुपारी बाराच्या आत तुमचं संपलेलं असलं पाहिजे. यात शंका कुठेय? सरळ दम दिलाय. आणि भूतकाळ तर औषधालाही नाही. तरी ‘झेये फिनी’ हे रूप मात्र चोख सुब्जोंक्तिफ पासे, म्हणजे रीलवाल्याच्या भाषेत पास्ट सब्जंक्टिव्ह.

बनवायची रीत आधी उरकते, ती खरंच सोपी आहे. शाळेत क्रियापदाचे अर्थ शिकलो होतो ते आठवा: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. ‘तो जातो’ हा स्वार्थ, ‘त्याने जावं’ हा विध्यर्थ. सब्जंक्टिव्ह हा या विध्यर्थाचा लांबचा चुलतभाऊ समजा. तर एक सहाय्यक क्रियापद घ्यायचं, ते वर्तमानकाळी सब्जंक्टिव्हमध्ये ठेवायचं आणि पुढे धातूचं ‘झालेलं, केलेलं, आलेला’ छापाचं रूप लावायचं. सहाय्यक दोनच, ‘आव्वार’ (जवळ असणे) आणि ‘एत्र’ (असणे). आव्वारची सहा रूपं मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते या क्रमाने अशी: ए, ए, ए, एयों, एये, ए. आणि एत्रची: स्वा, स्वा, स्वा, स्वायों, स्वाये, स्वा. देवनागरीत लिहिलं की गंमत लगेच दिसते, सहातली चार रूपं कानाला एकच! पण आव्वारच्या त्या चार ‘ए’ची स्पेलिंग्ज चार वेगवेगळी आहेत, आणि मार्क जातात ते तिथे.

आता कुठल्या धातूला आव्वार आणि कुठल्याला एत्र? क्लासमध्ये यासाठी ‘डॉक्टर मिसेस व्हँडरट्रॅम्प’ नावाची एक बाई पाठ करायला लावतात, तिच्या नावातलं एकेक अक्षर म्हणजे एकेक एत्रवालं क्रियापद. जाणे, येणे, निघणे, पडणे, जन्मणे, मरणे, राहणे वगैरे. शिवाय स्वतःवरच होणाऱ्या क्रिया, म्हणजे अंघोळ करणे, उठणे या टाइपच्या. बाकी सगळा गाव आव्वारचा. मराठी माणसाला ही फाळणी इतकी परकी वाटायला नको, आपण पण ‘तो आला’ म्हणतो आणि ‘त्याने आंबा खाल्ला’ म्हणतो, एका ठिकाणी ‘ने’ लागतो आणि दुसरीकडे नाही. रेषा अगदी त्याच जागी नाहीये (चालणे आणि धावणे फ्रेंचमध्ये आव्वारकडे जातात, आणि चढणे, उतरणे यांना कर्म मिळालं की ते पण पक्ष बदलून तिकडेच) पण जात एकच.

लिंग-वचनाचं तर आपल्याला फुकटात मिळालंय. एत्र असेल तर ते ‘झालेलं’ छापाचं रूप सहसा कर्त्याप्रमाणे बदलतं, तो आलेला, ती आलेली. आव्वार असेल तर ते कर्माकडे बघतं, पण कर्म आधी येऊन गेलेलं असेल तरच. ‘मी लिहिलेली सगळ्यात सुंदर चिठ्ठी’ यात चिठ्ठी आधी आली म्हणून ‘एक्री’चं ‘एक्रीत’ होतं, नाहीतर ‘एक्री’च. आपण ‘मी चिठ्ठी लिहिली’ आणि ‘चिठ्ठी मी लिहिली’ दोन्हीकडे ‘लिहिली’च म्हणतो, आपल्याला जागेशी घेणंदेणं नाही. फ्रेंचमधल्या या आधी-नंतरच्या नियमाचं खापर सोळाव्या शतकातल्या क्लेमां मारो या कवीवर फोडतात, त्याने इटालियनचा दाखला देऊन तो रुजवला म्हणे, आणि तेव्हापासून तिकडची शाळकरी मुलं त्याच्या नावाने बोटं मोडतायत.

आता माझा लाडका भाग. सब्जंक्टिव्हला भविष्यकाळ नाहीच. कधी विचार केलाय? ‘ज स्वी कोंतां क त्यू विएन’ म्हणजे तू येतोयस याचा आनंद आहे, आणि तू येणार आहेस याचाही आनंद आहे, दोन्हीला ‘विएन’ हेच वर्तमानकाळी रूप. म्हणजे इथे आज आणि उद्या वेगळे करायची सोयच नाही, कॅलेंडर भिंतीवरून काढूनच ठेवलंय. मग उरतं काय? एकच प्रश्न, क्रिया पुरी झालेली धरायची की अजून व्हायची/चालू असलेली. पुरी झालेली असेल तर पासे, नाहीतर साधं वर्तमान. कशाच्या तुलनेत पुरी, तर वाक्यात जो मुद्दा चाललाय त्याच्या. ‘ज स्वी कोंतां क त्यू स्वा वन्यू’, तू आलास याचा आनंद आहे, येणं आनंदाच्या आधी उरकलं. ‘उद्या बाराच्या आत संपलेलं असलं पाहिजे’, संपणं उद्याच्या बाराच्या आधी उरकायचंय. दोन्ही ठिकाणी पासे, एकात काल, एकात उद्या.

हे आपल्या स्वयंपाकघरात रोज चालतं हो! ‘मी उद्या येईपर्यंत स्वयंपाक झालेला असावा’ असं म्हटल्यावर ‘झालेला’ हा भूतकाळ आहे म्हणून कुणी कालची भाजी शोधत नाही. आणि ‘झालेला असावा’ची बांधणी बघा, झालेला अधिक असणेचा विध्यर्थ, फ्रेंचमध्येही हेच दोन तुकडे, फक्त उलट्या क्रमाने. बांधणी जुळते म्हणून अर्थही जुळेल असं मात्र समजू नका, तिथे पाय घसरतो. आपला ‘तो आला असावा’ हा अंदाज आहे, आणि फ्रेंच माणूस तो सब्जंक्टिव्हमध्ये सांगतच नाही, तो म्हणतो ‘इल आ द्यू वनीर’. सब्जंक्टिव्ह सहसा ‘क’च्या (आपल्या ‘की’च्या) पलीकडच्या उपवाक्यात राहतो, अलीकडे कुणीतरी त्याला बोलावणारं लागतं.

त्या रीलमधली शंका पण निकालात काढू. ‘तू आलास याचा आनंद आहे’ यात शंका शून्य आहे, पाहुणा समोर चहा पितोय, तरी सब्जंक्टिव्ह. उलट ‘तो आला असेल अशी आशा आहे’ यात सगळाच भरोसा हवेत, तरी आशा करणे या क्रियापदापुढे फ्रेंच माणूस शांतपणे स्वार्थ वापरतो, ‘जेस्पेर किल ए वन्यू’. ‘शक्य आहे’पुढे सब्जंक्टिव्ह, ‘बहुतेक’पुढे स्वार्थ. ‘मला वाटतं’पुढे स्वार्थ, ‘मला वाटत नाही’पुढे सब्जंक्टिव्ह. मला पटणारं उत्तर असं की बोलणारा ‘क’नंतरची गोष्ट स्वतः ठासून सांगत असेल तर स्वार्थ, आणि ती नुसती पुढ्यात ठेवून तिच्यावर आनंद, राग, गरज, नकार असं काहीतरी बोलत असेल तर सब्जंक्टिव्ह. शंभर टक्के हेही बसत नाही, काही नुसत्या सवयी आहेत, भाषा ही माणसं बोलतात. १७८४ साली बर्लिनच्या अकादमीने रिवारोल या फ्रेंच लेखकाला बक्षीस दिलं ते फ्रेंच ही स्वभावतःच स्वच्छ, तर्कशुद्ध भाषा आहे असं मांडणाऱ्या निबंधाला, आणि आपल्याकडे ‘नासा म्हणते संस्कृत कॉम्प्युटरला सर्वोत्तम’ फिरत असतं, दोन्ही एकाच माळेचे मणी.

थोडं अवघड, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. वरच्या आशेच्या वाक्यातला ‘किल ए’ (‘किल’ म्हणजे ‘की तो’, पुढचा ‘ए’ सहाय्यक) एत्रचा आहे, साधा स्वार्थ. आणि ‘ज दूत किल ए कोंप्री’ (त्याला समजलंय याची मला शंका आहे) यातला ‘किल ए’ आव्वारचा आहे, सब्जंक्टिव्ह! आवाज सेम, स्पेलिंग वेगळं, क्रियापद वेगळं, अर्थ वेगळा. कान कसा ओळखतो? पुढे ‘वन्यू’ आलं तर एत्र, कारण येणे त्या मिसेस व्हँडरट्रॅम्पच्या घरातलं, ‘कोंप्री’ आलं तर आव्वार. म्हणजे पुढचा शब्द ऐकून आधीचा ठरतो. तिकडची मुलं हे बोलताना चुकत नाहीत, लिहिताना धडाधड चुकतात.

जुन्या पुस्तकात सब्जंक्टिव्हचे आणखी दोन काळ दिसतील, मुख्य क्रियापद भूतकाळात असलं की वापरायचे. बोलण्यातून ते गेले. त्यातल्या पहिल्याची रूपं ज्या साध्या भूतकाळाच्या अंगावर उभी होती तोच रोजच्या बोलण्यातून उठला, मग झाड गेल्यावर वेल कशावर राहणार, शिवाय ‘मांजासियों’ (आम्ही खावं) असली लांबलचक रूपं ऐकून फ्रेंच लोकांनाच हसू यायला लागलं. २६ फेब्रुवारी १९०१ च्या सरकारी आदेशाने ‘यायला हवं’सारख्या वाक्यांत जुन्या ‘वँ’ऐवजी साधं ‘विएन’ लिहिलं तरी परीक्षेत चूक धरू नका असं सांगून टाकलं. तेव्हा बोलण्यात जिवंत उरले दोनच, वर्तमान आणि पासे.

आणि हा पासे इतका ठणठणीत आहे की नको तिथेही घुसतोय. ‘आवां क’ (च्या आधी) पुढे सब्जंक्टिव्ह लागतो, कारण गोष्ट अजून घडलेली नाही. ‘आप्रे क’ (च्या नंतर) पुढे व्याकरण स्वार्थ मागतं, गोष्ट घडून गेलीय ना. पण जोडीतल्या एकाचं बघून दुसऱ्यालाही सवय लागावी तसे भरपूर फ्रेंच लोक ‘आप्रे किल स्वा पार्ती’ (तो निघून गेल्यानंतर) म्हणतात. भाचीला सांगितलंय, पेपरात ‘किल ए पार्ती’ लिही, आणि पॅरिसला गेलीस की ‘स्वा’ ऐकून कुणाला दुरुस्त करायला जाऊ नकोस.