शेलचं तेल अडतं कुठे? पाइपात आणि टाकीत

२०१८ मध्ये पश्चिम टेक्सासातल्या मिडलंडजवळ शेल या घट्ट खडकातून निघणारं कच्चं तेल आणि समुद्रकिनाऱ्यावर ह्यूस्टनला पोचलेलं तेच तेल, यांच्या भावात बॅरलमागे १५ डॉलरपेक्षा जास्त फरक पडला होता. तेल तेच, दर्जा तोच, मधे फक्त सात-आठशे किलोमीटरचं अंतर. पण तेवढं अंतर तोडायला पाइपमधे जागाच उरली नव्हती, सगळ्या लाइन तुडुंब भरून चालत होत्या, त्यामुळे ज्याच्याकडे पाइपमधली जागा आधीच बुक होती तो मजेत आणि बाकीचे ट्रक शोधत फिरत होते. एका ट्रकमधे जेमतेम १८०-२०० बॅरल मावतात (एक बॅरल म्हणजे १५९ लिटर). दिवसाला १ लाख बॅरल हलवायचे तर रोज ५०० ट्रक भरून पाठवायला लागतात आणि तेवढेच रिकामे परत आणायला लागतात. अशा ठिकाणी ड्रायव्हर तरी कुठून आणणार?

शेल ऑइलबद्दल वाचायला गेलं की सगळीकडे फ्रॅकिंग (म्हणजे खडकाला भेगा पाडून तेल काढणं), फ्रॅकिंग आणि फ्रॅकिंग. ते महत्त्वाचं आहेच, पण मला स्वतःला जास्त भारी वाटतं ते त्याच्यानंतरचं काम, म्हणजे तेल वर आल्यावर ते न्यायचं कसं आणि ठेवायचं कुठे. अमेरिकेचं तेल उत्पादन २००८ च्या आसपास दिवसाला ५० लाख बॅरल होतं, ते २०२३ मध्ये १२९ लाखांच्या घरात गेलं. त्यातला सगळ्यात मोठा वाटा पर्मियन बेसिनचा, म्हणजे पश्चिम टेक्सास आणि त्याला लागून असलेला न्यू मेक्सिकोचा कोपरा. एवढं तेल काही हवेतून जात नाही.

आधी शेलची विहीर वेगळी का, ते बघू. साध्या तेलक्षेत्रात खडकाला बारीक छिद्रं असतात, ती एकमेकांना जोडलेली असतात, तेल त्यातून हळूहळू वर्षानुवर्षं विहिरीकडे येत राहतं. शेलचा खडक इतका घट्ट असतो की तेल आहे पण हलत नाही. म्हणून खाली दोन-तीन किलोमीटर गेल्यावर ड्रिल आडवं वळवतात, तसंच पुढे दोन-तीन किलोमीटर नेतात, आणि मग पाणी नि वाळू प्रचंड दाबाने मारून खडकाला भेगा पाडतात. त्या भेगांच्या लगतचं तेल धडाधड बाहेर येतं आणि मग ओसरतं. पहिल्या वर्षातच विहिरीचं उत्पादन ६०-७० टक्क्यांनी घसरणं ही तिथे नेहमीची गोष्ट आहे. त्यामुळे उत्पादन नुसतं टिकवायचं म्हटलं तरी सतत नव्या विहिरी खोदत राहायला लागतं.

आता खरी अडचण वेळेची आहे. शेलची विहीर काही महिन्यांत खोदून, फोडून, चालू करता येते. पाइपलाइनला मात्र जमीन मिळवणं, परवानग्या, स्टील, वेल्डिंग असं सगळं धरून दोन-तीन वर्षं सहज जातात, आणि ती बांधताना पुढची वीस-तीस वर्षं तेल येत राहील असं गृहीत धरावं लागतं. आपल्याकडे एखाद्या वर्षी ऊस वारेमाप होतो आणि कारखान्याची गाळप क्षमता तेवढीच राहते, मग शेतकरी तोडीची वाट बघत बसतो आणि जो भाव मिळेल तो घेतो, तसंच मिडलंडच्या उत्पादकांचं २०१८ मध्ये झालं. मग २०१९ मध्ये कॅक्टस टू, एपिक आणि ग्रे ओक अशा तीन मोठ्या लाइन थोड्याथोड्या महिन्यांच्या अंतराने कॉर्पस क्रिस्टी बंदराकडे पोचल्या, तिन्ही मिळून दिवसाला २० लाख बॅरलच्या आसपास क्षमता, आणि भावातला फरक जवळजवळ नाहीसा झाला. लगेच पुढच्याच वर्षी कोविड आला आणि पाइप जास्त, तेल कमी अशी उलटी परिस्थिती झाली. या धंद्यात एकतर टंचाई किंवा सुकाळ, मधलं काही फार दिवस टिकत नाही.

पाइपची क्षमता वाढवायची म्हणजे काय करायचं, यातलं विज्ञान मला फार आवडतं. पाइपमधून तेल जाताना घर्षणाने दाब कमी होत जातो, म्हणून साधारण दर ६० ते १०० किलोमीटरवर पंपिंग स्टेशन असतं जे दाब परत चढवतं. मोठ्या पाइपमधला प्रवाह खळबळता असतो, भोवरे करत जाणारा, आणि अशा प्रवाहात वेग दुप्पट करायचा तर दाब चौपटीच्या जवळ लागतो आणि पंपाची ताकद आठपटीच्या जवळ. म्हणजे नुसता जोर वाढवून फार पुढे जाता येत नाही, पाइपच फुटेल आणि विजेचं बिल तर विचारूच नका. दुसरा उपाय म्हणजे दर दोन स्टेशनांच्या मधे आणखी एक स्टेशन टाकायचं. स्टेशनं दुप्पट झाली म्हणून तेल दुप्पट जात नाही, साधारण ४० टक्के जास्त जातं, कारण दोन स्टेशनांमधलं अंतर निम्मं झालं की प्रवाह वाढतो तो दोनच्या वर्गमुळाच्या पटीत. तरी हे स्वस्त पडतं कारण नवीन खंदक खणायचा नसतो आणि नवीन जमीन घ्यायची नसते.

आणि पाइपची जाडी? म्हणजे व्यास. इथे गणित एकदम आपल्या बाजूला येतं. तेवढ्याच दाबाला क्षमता व्यासाच्या अडीचाव्या घाताने वाढते. २० इंची ऐवजी ३० इंची पाइप टाकला तर व्यास दीडपट, पण तेल पावणेतीनपट जातं. स्टील सव्वादोनपट लागतं, खंदक मात्र जवळपास तेवढाच, परवानग्या त्याच, माणसं तीच. म्हणूनच पर्मियनमधून निघालेल्या मोठ्या लाइन २४, २६, ३० इंची आहेत आणि छोटे पाइप फक्त विहिरींपासून मुख्य लाइनपर्यंत तेल गोळा करायला वापरतात.

तिसरा उपाय ऐकला तेव्हा मला आधी खरा वाटला नव्हता. तेलात दहा लाख भागाला फक्त काही भाग इतकं थोडं पॉलिमर मिसळायचं, लांबच लांब साखळीचे रेणू असलेलं. हे रेणू पाइपच्या भिंतीजवळ भोवरे तयार होण्याआधीच त्यांची ताकद खाऊन टाकतात, घर्षण कमी होतं आणि त्याच पंपावर बरंच जास्त तेल जातं. अलास्काच्या मोठ्या पाइपलाइनमधे १९७९ पासून हे वापरात आहे. गंमत अशी की पंपाच्या फिरत्या पात्यांमधून गेलं की त्या साखळ्या तुटतात, म्हणून प्रत्येक स्टेशननंतर ते नव्याने सोडायला लागतं.

चौथा उपाय म्हणजे असलेल्या पाइपचं तोंडच फिरवायचं. याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण सीवे ही पाइपलाइन. ओक्लाहोमा राज्यात कुशिंग नावाचं एक छोटं गाव आहे, लोकवस्ती काही हजारांची, पण तिथे टाक्याच टाक्या आणि पाइपच पाइप, कारण अमेरिकेच्या वायदेबाजारातलं डब्ल्यूटीआय तेल (ज्याच्या भावावर अमेरिकेतल्या तेलाचे भाव ठरतात) १९८३ पासून तिथेच डिलिव्हर होतं. पूर्वी परदेशातून आलेलं तेल टेक्सासच्या किनाऱ्यावरून वर कुशिंगकडे जायचं, सगळी रचना तशीच होती. मग उत्तर डकोटातल्या बाकेन भागात शेल सुरू झालं, कॅनडाचंही तेल खाली येऊ लागलं, कुशिंगमधे तेल साचलं आणि बाहेर पडायला वाट नाही. २०११ मध्ये डब्ल्यूटीआय हे ब्रेंटपेक्षा, म्हणजे युरोपातल्या उत्तर समुद्राच्या तेलापेक्षा, २५ डॉलरहूनही जास्त स्वस्त झालं, जे आधी कधी ऐकलं नव्हतं. मे २०१२ मध्ये सीवे उलटी फिरवली, कुशिंगहून किनाऱ्याकडे, सुरुवातीला दिवसाला दीड लाख बॅरल, २०१३ च्या सुरुवातीला पंप वाढवून ४ लाख, आणि २०१४ मध्ये शेजारी समांतर दुसरा पाइप टाकून साडेआठ लाख.

उलटं फिरवणं ऐकायला सोपं वाटतं, पण तेल मागे येऊ नये म्हणून बसवलेले एकदिशा व्हॉल्व्ह, पंपांची जोडणी, मीटर हे सगळं बदलायला लागतं. शिवाय आधी जिथे पाइपमधे कमी दाब असायचा तिथे आता जास्त दाब येतो, त्यामुळे जुना पाइप पाण्याने भरून दाबाची परीक्षा घ्यावी लागते आणि आतून स्मार्ट पिग फिरवून बघावं लागतं. पिग म्हणजे तेलाबरोबरच पाइपमधून ढकललं जाणारं यंत्र, चुंबकाने भिंतीतली गंज आणि पातळ झालेल्या जागा टिपत जातं. हे काम कंटाळवाणं आहे आणि याच्यात काटकसर करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पाइप नसला की काय होतं याची सगळ्यात वाईट आठवण कॅनडातल्या लाक-मेगांतिक गावाची. बाकेनमधे तेल भरपूर आणि पाइप अपुरे, म्हणून तेल रेल्वेने जात होतं. ६ जुलै २०१३ च्या रात्री बाकेनचं तेल भरलेली ७२ डब्यांची गाडी उतारावरून आपोआप घरंगळत गावात घुसली, पेटली, आणि ४७ माणसं गेली. हे तेल हलकं असतं, त्यात लवकर उडून जाणारे वायू जास्त विरघळलेले असतात. उत्तर डकोटाने नंतर २०१५ मध्ये नियम लागू केला की रेल्वेत भरण्याआधी ते वायू ठराविक मर्यादेपर्यंत काढून टाकायचे. पुढे डकोटा ॲक्सेस पाइपलाइन २०१७ मध्ये सुरू झाली, जवळपास १,९०० किलोमीटर, ३० इंची. पण तिच्या वाटेत ओआहे सरोवर येतं, जे स्टँडिंग रॉक सू लोकांचं पिण्याचं पाणी, आणि त्यांनी २०१६ मध्ये केलेलं आंदोलन जगभर गाजलं. पाइप रेल्वेपेक्षा सुरक्षित हे आकडे सांगतात, पण ज्याच्या पाण्याखालून तो जातो त्याचा प्रश्न त्या आकड्याने सुटत नाही, त्याला विचारूनच पुढे जायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

आता टाक्या. पाइप असला तरी टाकी लागतेच, कारण विहिरी अखंड चालतात, जहाज मात्र एकदम येतं आणि एकदम २० लाख बॅरल मागतं. पाइप स्वतःसुद्धा एक टाकी आहे म्हणा, ३० इंची, ८०० किलोमीटर लांब पाइप नुसता भरायलाच २१ लाख बॅरलच्या आसपास तेल लागतं, आणि ते पाइप चालू आहे तोवर आतच राहतं. त्यात तेल फार जोरात धावत नाही, तासाला ५ ते १३ किलोमीटर, म्हणजे मिडलंडहून निघालेला थेंब किनाऱ्याला पोचायला तीन-चार दिवस किंवा जास्तच.

मोठ्या टाक्यांचं छत स्थिर नसतं, ते तेलावर तरंगतं. कारण तेल आणि छत यांच्यामधे मोकळी हवा राहिली तर हलके घटक त्यात उडून जातात, नुकसान होतं आणि स्फोटाचा धोकाही वाढतो. छत तेलाबरोबर खालीवर होतं, कडेला रबरी सील. याचा एक अनपेक्षित उपयोग झालाय, टाकी रिकामी होत गेली की छत खाली जातं आणि भिंतीची सावली आत चंद्रकोरीसारखी पडते, उपग्रहाच्या फोटोत ती सावली मोजून कुठे किती तेल आहे याचा अंदाज लोक घरबसल्या विकतात. आणि टाकी कधीच १०० टक्के वापरता येत नाही, तळाशी पाणी-गाळ असतो, छत टेकू नये म्हणून थोडं तेल ठेवावंच लागतं, आणि येणाऱ्या मालासाठी थोडी जागा मोकळी लागते. शिवाय वेगवेगळ्या दर्जाचं तेल वेगळं ठेवायचं असतं. शेलचं तेल कधीकधी इतकं हलकं निघतं की पश्चिम टेक्सासच्या लाइट तेलाचा वेगळा ग्रेडच करायला लागला आणि त्याला वेगळ्या टाक्या.

टाकी संपली की काय होतं ते २० एप्रिल २०२० ला सगळ्या जगाने पाहिलं. लॉकडाऊनमुळे मागणी कोसळली, डब्ल्यूटीआयचं मे महिन्याचं वायद्याचं कॉन्ट्रॅक्ट दुसऱ्या दिवशी संपणार, ज्याच्या हातात ते राहील त्याला कुशिंगमधे तेल उचलावं लागणार, आणि तिथल्या टाक्यांमधली उरलेली जागासुद्धा आधीच भाड्याने गेलेली. भाव उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. याचा फटका थेट आपल्या मुंबईच्या एमसीएक्स या वायदेबाजारालाही बसला, कारण तिथलं कॉन्ट्रॅक्ट न्यूयॉर्कच्या भावाला बांधलेलं. लॉकडाऊनमुळे एमसीएक्स संध्याकाळी ५ ला बंद होत होतं, न्यूयॉर्कची घसरण रात्री झाली, आणि इथल्या लोकांना बाहेर पडायची संधीच न मिळता सौदा बॅरलमागे उणे २,८८४ रुपयांना मिटला. ओक्लाहोमातल्या टाक्या भरल्या म्हणून इथल्या छोट्या ट्रेडरचे पैसे गेले, हे तेव्हा कित्येकांना समजतच नव्हतं.

हे सगळं तेल शेवटी समुद्राकडेच का वळलं? अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावरच्या बऱ्याच रिफायनऱ्या व्हेनेझुएला, मेक्सिकोसारख्या देशांच्या जड तेलासाठी बांधलेल्या, त्यांना हलकं तेल एका मर्यादेपलीकडे झेपत नाही. १९७५ च्या कायद्याने कच्च्या तेलाच्या निर्यातीवर बंदी होती, ती डिसेंबर २०१५ मध्ये उठली आणि बंदरांवर टाक्या नि जेटी वाढायला लागल्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये भारतात पारादीपला अमेरिकेच्या कच्च्या तेलाचं जहाज लागलं, इंडियन ऑइलने घेतलेलं. बंदराची खोली हा तिथला पुढचा अडसर, सगळ्यात मोठी जहाजं धक्क्यावर पूर्ण भरताच येत नाहीत, अर्धवट भरून बाहेर खोल समुद्रात दुसऱ्या जहाजाने उरलेलं तेल आणून ओतायला लागतं. म्हणून कॉर्पस क्रिस्टीची वाट ५४ फुटांपर्यंत खोल करायचं काम हाती घेतलं.

आणि आता पर्मियनमधे अडचण तेलाच्या पाइपची कमी आणि गॅसची जास्त आहे. शेलच्या विहिरीतून तेलाबरोबर गॅस येतोच, तो थांबवता येत नाही. तेल निदान टाकीत ठेवता येतं, गॅस नाही, त्याला पाइपच हवा. पाइप भरला की एकतर गॅस जाळून टाकायचा किंवा पैसे देऊन कोणालातरी घ्यायला लावायचा. पश्चिम टेक्सासच्या वाहा या गॅसच्या खरेदी-विक्री केंद्रावर २०२४ मध्ये कित्येक दिवस गॅसचा भाव शून्याच्या खाली होता. त्या वर्षाच्या शेवटी मॅटरहॉर्न एक्सप्रेस ही ४२ इंची लाइन सुरू झाली, दिवसाला अडीच अब्ज घनफूट गॅस नेणारी, त्यामुळे बराच श्वास घेता आला. पण विहिरी वाढतायत आणि जुन्या विहिरींतून वेळेबरोबर तेलाच्या मानाने गॅसचं प्रमाण वाढत जातं, त्यामुळे आज तिथे नवीन विहीर खोदायची की नाही हे ठरवताना तेलाच्या भावाइतकंच, तिच्या गॅसला पाइपमधे जागा मिळेल का, हे आधी बघावं लागतं.