सेल्फ-साइन्ड प्रमाणपत्र की अर्धवट साखळी?

संकेतस्थळाच्या सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याबद्दल ‘प्रमाणपत्र विश्वासार्ह नाही’ असा इशारा आला की ते सेल्फ-साइन्ड असणार, असे बहुतेक जण धरून चालतात. माझ्या अनुभवात मात्र अनेकदा प्रमाणपत्र चोख असते. सर्व्हरने त्यासोबतचे इंटरमीजिएट, म्हणजे त्याची हमी देणारे मधले प्रमाणपत्र, पाठवलेले नसते, एवढेच.

सेल्फ-साइन्ड प्रमाणपत्रावर त्याच्याच किल्लीने सही केलेली असते, त्यामुळे क्लायंटच्या (ब्राउझरसारख्या जोडणी करणाऱ्या प्रोग्रामच्या) विश्वासयादीत ते मुद्दाम घातल्याशिवाय त्याची हमी देणारे कोणीच नसते. अर्धवट साखळीत प्रमाणपत्र मान्यताप्राप्त संस्थेनेच, म्हणजे सीएनेच, दिलेले असते. पण अशा संस्था रूटची, म्हणजे साखळीच्या मुळाशी असलेल्या प्रमाणपत्राची, किल्ली ऑफलाइन जपून ठेवतात, रोजच्या सह्या इंटरमीजिएटच्या किल्लीने करतात आणि क्लायंटच्या यादीत सहसा फक्त रूट असते, म्हणून मधला दुवा पुरवण्याचे काम सर्व्हरकडे येते.

फरक ओळखायला ओपनएसएसएल या साधनसंचाची एस_क्लायंट ही कमांड पुरते. ती प्रत्येक प्रमाणपत्रापुढे ‘एस’ म्हणजे कोणाचे आणि ‘आय’ म्हणजे कोणी दिले, अशी दोन नावे छापते. ० क्रमांकावर, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्या प्रमाणपत्रापुढे, दोन्ही नावे एकच असून शेवटी त्रुटी १८ आली, तर ते सेल्फ-साइन्ड. नावे वेगळी आहेत, १ क्रमांकाची नोंदच नाही आणि शेवटी २१ दिसतो, तर साखळी अर्धवट आहे. (१९ आला, तर साखळीच्या टोकाचे रूट आपल्या यादीत नाही, खासगी सीए वापरणाऱ्या कार्यालयांत हे हमखास आढळते.)

घोळ वाढवतो तो ब्राउझर. डेस्कटॉपवरचा क्रोम गाळलेले इंटरमीजिएट प्रमाणपत्रात नोंदवलेल्या पत्त्यावरून स्वतःच आणतो, तर ओपनएसएसएलवर चालणारे कर्ल हे कमांड-लाइन साधन ते आणत नाही. तेव्हा ‘ब्राउझरमध्ये तर उघडते’ हा पुरावा धरू नये.

सेल्फ-साइन्ड प्रमाणपत्राचा फिंगरप्रिंट (त्यावरून काढलेली छोटी ओळखखूण) वेगळ्या मार्गाने पडताळून ते क्लायंटच्या यादीत घालावे, किंवा सरळ सीएकडून नवे घ्यावे. कर्लला ‘-के’ लावून पडताळणीच बंद केली, तर संवाद एन्क्रिप्टेड राहतो, पण पलीकडे कोण आहे हे कळत नाही. साखळीची दुरुस्ती मात्र सर्व्हरवरच करायची: प्रमाणपत्र आणणारे सर्टबॉट हे साधन वापरत असाल तर एनजिनएक्स या वेब सर्व्हरला ‘सर्ट’ऐवजी इंटरमीजिएटसह असलेली ‘फुलचेन’ ही फाइल द्यावी. फाइल हाताने जोडत असाल तर आधी सर्व्हरचे प्रमाणपत्र आणि मग इंटरमीजिएट ठेवावे. क्रम उलटा झाला, तर किल्ली जुळत नसल्याची तक्रार करून एनजिनएक्स सुरूच होत नाही.