शॉकअप गेले म्हणजे नक्की काय जातं?

ठाण्याच्या खड्डेवाल्या घोडबंदर रोडला रोजचं येणंजाणं असेल तर गाडी आठ-दहा वर्षांची झाली की पुढून कुठूनतरी खट-खट सुरू होतंच, आणि गॅरेजमध्ये नेली की पहिलं वाक्य ऐकू येतं, "शॉकअप गेले साहेब", म्हणजे चाकांपाशी बसवलेले शॉक अब्सॉर्बर. बरेच जण म्हणतात जाऊ दे, थोडे धक्के बसतात, चालवून घेऊ, कारण सस्पेन्शन म्हणजे आरामाची चीज असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मला ते अजिबात पटत नाही. शॉकअपचं मोठं काम म्हणजे टायर रस्त्याला धरून ठेवणं, आणि टायरच हवेत असेल तर ब्रेक नवे कोरे असून काय उपयोग?

स्प्रिंग गाडीचं वजन पेलते, एवढंच तिचं काम. रॉबर्ट हूकचा १६७८ चा नियम आपण शाळेत शिकलोय, जेवढा जोर तेवढी स्प्रिंग दबणार. पण दबलेली स्प्रिंग ऊर्जा खात नाही, साठवते आणि लगेच परत देते, म्हणून नुसत्या स्प्रिंगवर गाडी ठेवली तर एका खड्ड्यानंतर ती कितीतरी वेळ वरखाली होत राहील. किती वेगानं तेही काढता येतं, म्हणजे चाकापाशी मोजल्यावर गाडीच्या वजनानं स्प्रिंग १६ सेंमी दबलेली असेल तर बॉडी सेकंदाला साधारण सव्वा वेळा डोलते, २५ सेंमी दबलेली असेल तर एकदा.

हे डोलणं मारायचं काम शॉकअपचं. आत तेल असतं, दांड्याच्या टोकाला पिस्टन, पिस्टनला बारीक भोकं आणि पातळ पत्र्यांचे व्हॉल्व्ह, तेल त्यातून रेटलं जातं आणि गरम होतं, म्हणजे धक्क्याची ऊर्जा उष्णता होऊन नळीतून बाहेरच्या हवेत जाते. घोडबंदरवरच्याच गायमुखच्या घाटातून खड्डे खात आलेल्या गाडीच्या शॉकअपला हात लावून बघा, कोमट लागतो. आणखी एक गंमत, चाक वर जाताना शॉकअप कमी अडवतो आणि खाली येताना जास्त, बऱ्याच गाड्यांत दुप्पट-तिप्पट, कारण उंचवट्यावर चाक पटकन वर जायला हवं पण नंतर स्प्रिंगनं बॉडीला वर फेकायला नको.

बॉडी सेकंदाला एक-दीड वेळा डोलते, पण चाक हलकं असतं आणि खाली टायर कडक, त्यामुळे चाकाची स्वतःची थरथर सेकंदाला १० ते १५ वेळा असते. आता पेव्हर ब्लॉक टाकून बुजवलेला पट्टा आठवा. ताशी ३६ किमी म्हणजे सेकंदाला १० मीटर, आणि उंचसखलपणा मीटर-मीटरवर असेल तर चाकाला सेकंदाला १० ठोके बसतात, म्हणजे नेमके त्याच्या थरथरीच्या तालात. शॉकअप चांगला असेल तर तो हे दाबून टाकतो, गेलेला असेल तर चाक नाचायला लागतं, टायर क्षणभर सुटतो, परत आपटतो, आणि काही महिन्यांनी टायरवर ठिकठिकाणी खळगे दिसायला लागतात. टायरवरून तळवा फिरवला तरी कळतं.

झिजायची सुरुवात बहुतेक वेळा एका स्वस्त रबरी बुटापासून होते. दांड्यावरचा हा बूट, म्हणजे डस्ट कव्हर, फाटला की पावसाळ्यातला चिखल आणि वाळू चकचकीत दांड्यावर बसते, दांड्याला ओरखडे पडतात, ते ओरखडे वरचं सील खातात, आणि तेल झिरपून नळी ओली-काळी दिसायला लागते. बॉनेट दाबून गाडी किती वेळा हलते ते बघायची जुनी पद्धत आहे, पण त्यावर फार भरवसा नको, हातानं दांडा जेवढ्या हळू हलतो तेवढ्यात अर्धा गेलेला शॉकअपसुद्धा पास होतो. पुलाच्या जॉइंटवरून गेल्यावर गाडी एका हेलकाव्यात शांत होते का, ब्रेक मारल्यावर नाक जास्त खाली जातं का, ते बघा. आणि हो, सगळ्यात आधी टायरमधली हवा तपासा, जास्त हवेचे धक्के लोक शॉकअपच्या नावावर खपवतात.

अपग्रेडच्या नावाखाली स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये रबरी बफर टाकून देतात, त्याबद्दल मला मनापासून सांगायचंय की जुन्या गाडीला ते करू नका. स्प्रिंगचा कडकपणा काम करणाऱ्या वेढ्यांवर ठरतो, सहातला एक वेढा पूर्ण अडकला तर स्प्रिंग २० टक्के कडक होते. गाडी थोडी उचललेली दिसते म्हणून बरं वाटतं, पण थकलेल्या शॉकअपला आता आधीपेक्षा कडक स्प्रिंग आवरायची असते, म्हणजे दुखणं वाढलंच. खर्च करायचाच असेल तर गॅसवाला शॉकअप घ्या, त्यात नायट्रोजनचा दाब असतो, सततच्या खड्ड्यांत तेलाला फेस कमी येतो, आणि फेसाळलेलं तेल फारसं अडवत नाही.

बदलताना एका एक्सलचे, म्हणजे पुढचे किंवा मागचे, दोन्ही शॉकअप बदला, एक नवा एक जुना नको. पुढच्या शॉकअपचं वरचं माउंटिंग, बेअरिंग आणि बम्प स्टॉप (शॉकअप पूर्ण दबला की टेकतो तो रबरी ठोकळा) तेव्हाच बघून घ्या, कारण ते परत खोलायचं म्हणजे मजुरी दुप्पट. घरी करून बघायचा मोह होत असेल तर स्प्रिंग कॉम्प्रेसरनं नीट आवळल्याशिवाय वरचा मधला नट अजिबात सोडायचा नाही, शॉकअपभोवतीच्या त्या स्प्रिंगमध्ये गाडी उचललेली असतानाही बराच जोर दाबलेला असतो.

आणि खट-खट बऱ्याचदा शॉकअपची नसतेच, लिंक रॉडची (सस्पेन्शनमधला छोटा जोडदांडा) किंवा लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या हाताच्या, बुशची असते; बुश म्हणजे सांध्यातलं रबर. बुश बदलताना एक गोष्ट कितीतरी ठिकाणी चुकते. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळतायत, आणि तसेच बोल्ट फुल टाइट. बुशमधलं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं, ते त्या लोंबत्या स्थितीत पकडलं जातं, मग गाडी खाली आली की कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट आधी हातानं लावून, चाकांवर गाडीचं वजन आल्यावरच शेवटचा टाइट करायचा. मेकॅनिकला हे काम सुरू व्हायच्या आधीच सांगा, आणि अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, त्यानंतर, कारण शॉकअपचे खालचे बोल्ट सुटले की बऱ्याच गाड्यांत चाकाचा कोन जागेवर राहत नाही.